मातीतील लोह, जड धातू आणि अदृश्य जिवाणू

कोकणातील भातखाचरात लावणी होऊन महिना लोटल्यावर एखादे रोप मुळासकट उपटून पाहिले, तर दोन गोष्टी सहज नजरेत भरतात. एरवी तांबूस दिसणारी माती वरच्या पातळ थराखाली करडी किंवा निळसर झालेली असते. आणि त्याच करड्या चिखलातून निघालेल्या मुळांवर मात्र विटकरी रंगाचे पातळ लेपन चढलेले असते. हा रंगबदल शेतकऱ्याच्या चांगल्या परिचयाचा आहे. त्यामागे मातीतील असंख्य जिवाणूंचे कार्य असते, याची जाणीव मात्र थोड्यांनाच असते. हे जिवाणू मातीतील लोहखनिजांचे विद्राव्य लोहात रूपांतर करतात. भाताच्या मुळांतून पाझरणारा प्राणवायू त्या लोहाला पुन्हा गंजाचे रूप देतो, म्हणून मुळे विटकरी दिसतात.

कारखान्यांचे सांडपाणी, खाणींची माती, शहरांतील गाळखत आणि काही कीटकनाशके यांच्यावाटे जस्त, तांबे, निकेल, कॅडमियम, शिसे, क्रोमियम हे जड धातू जमिनीत येतात. त्यांचा या जिवाणूंवर काय परिणाम होतो, आणि उलट हे जिवाणू त्या धातूंचे काय करतात, हे दोन प्रश्न केवळ प्रयोगशाळेतील कुतूहलाचे नाहीत. विहिरीच्या पाण्यात आणि धान्याच्या दाण्यात किती विष उतरेल, हे पुष्कळ अंशी त्यांच्या उत्तरावर अवलंबून असते.

लोहावर श्वसन करणारे जीव

पृथ्वीच्या कवचात वजनाच्या मानाने लोहाचा वाटा सुमारे ५ टक्के आहे. मातीत ते मुख्यत्वे फेरिक स्वरूपात, म्हणजे गंजासारख्या अविद्राव्य ऑक्साइडांच्या रूपात असते. जांभ्या दगडाचा आणि कोकणातील मातीचा तांबडा-पिवळा रंग हेमॅटाइट व गोएथाइट या खनिजांमुळे येतो. लोहाचे दुसरे रूप फेरस होय. ते पाण्यात बऱ्याच प्रमाणात विरघळते. फेरिक लोहाला एक इलेक्ट्रॉन मिळाला की त्याचे फेरस लोह बनते. या क्रियेला क्षपण म्हणतात.

श्वसन म्हणजे अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन कोणाच्या तरी हवाली करून ऊर्जा मिळविणे. मनुष्य आणि इतर प्राणी ते प्राणवायूच्या हवाली करतात. पाण्याखालच्या चिखलातील प्राणवायू लवकरच संपतो. तेव्हा निरनिराळ्या जिवाणूंच्या जणू पंगती बसतात. प्राणवायूमागून नायट्रेट, त्यामागून मँगॅनीज, मग लोह, नंतर सल्फेट अशा क्रमाने इलेक्ट्रॉन स्वीकारणारे पदार्थ वापरले जातात. सर्वांत शेवटी मिथेन वायू निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजीवांची पाळी येते. माती लोहसमृद्ध असेल, तर लोहाची पंगत दीर्घकाळ चालते आणि तेवढा काळ मिथेनची निर्मिती मर्यादित राहते.

अमेरिकेतील पोटोमॅक नदीच्या गाळातून डेरेक लव्हली व त्यांच्या सहकाऱ्यांनी असा एक जिवाणू वेगळा केला आणि १९८७ मध्ये त्याचे कार्य प्रसिद्ध केले. पुढे त्याला जिओबॅक्टर मेटॅलिरेड्यूसेन्स हे नाव मिळाले. १९८८ मध्ये चार्ल्स मायर्स व केनेथ नीलसन यांनी न्यूयॉर्क राज्यातील ओनायडा सरोवराच्या गाळातील शेवानेला या दुसऱ्या जिवाणूची माहिती दिली. लोहाचे क्षपण ही निव्वळ रासायनिक घडामोड नसून सजीवांच्या श्वसनाचा तो एक प्रकार आहे, ही गोष्ट या कार्यामुळे निःसंशय सिद्ध झाली. कुजणाऱ्या पालापाचोळ्यातून निर्माण होणाऱ्या ॲसिटेटचा एक रेणू पूर्णपणे वापरला, की लोहाच्या आठ अणूंचे क्षपण होते.

या जिवाणूंपुढे एक वेगळीच अडचण असते. प्राणवायू पेशीच्या आत शिरू शकतो, लोहखनिजाचा कण शिरू शकत नाही. म्हणून इलेक्ट्रॉनच पेशीबाहेर न्यावे लागतात. त्यासाठी पेशीच्या बाह्य आवरणावर सायटोक्रोम नावाची लोहयुक्त प्रथिने असतात. जिओबॅक्टरला विद्युत्‌वाहक सूक्ष्म तंतूही असतात, तर शेवानेला फ्लॅविन नावाचे वाहक पदार्थ बाहेर सोडतो. पेशीची ही सर्व यंत्रसामग्री उघड्यावर मांडलेली असल्यामुळे भोवतालच्या पाण्यातील धातूंशी तिचा प्रत्यक्ष संबंध येतो.

जड धातूंचा आघात

तांबे, जस्त, निकेल आणि कोबाल्ट हे धातू अत्यल्प प्रमाणात सजीवांना आवश्यक असतात. मात्रा वाढली की तेच घातक ठरतात. कॅडमियम, शिसे व पारा यांचा बहुतेक सजीवांना काहीच उपयोग नाही. या धातूंचा जिवाणूंवरील आघात मुख्यतः चार प्रकारे होतो.

पहिला प्रकार प्रथिनांशी संबंधित आहे. कॅडमियम, पारा यांसारखे धातू प्रथिनांतील गंधकयुक्त गटांना घट्ट चिकटतात आणि एंझाइमांचे काम बंद पाडतात.

दुसऱ्या प्रकारात परका धातू योग्य धातूची जागा बळकावतो. तांबे पेशीतील लोह-गंधकाचे नाजूक समूह मोडते. लोहाचे क्षपण करणाऱ्या जिवाणूंमध्ये असे समूह विपुल असतात. शिवाय प्राणवायूविरहित चिखलात तांबे क्युप्रस रूपात येते आणि हे रूप पेशींना अधिक त्रासदायक असते.

तिसरा प्रकार फसवणुकीचा म्हणता येईल. सहासंयुजी क्रोमियमपासून बनलेल्या क्रोमेटाची रचना सल्फेटासारखी असल्याने सल्फेटासाठी असलेल्या वाटेने ते पेशीत शिरते. लोहासाठी निघालेले इलेक्ट्रॉन ते स्वतःकडे ओढून घेते आणि आतील घटकांची हानी करते.

चौथा प्रकार पेशीबाहेरचा आहे. विरघळलेले धातू लोहखनिजाच्या पृष्ठभागावर चिकटतात. या क्रियेस अधिशोषण म्हणतात. त्यामुळे खनिजाच्या पृष्ठभागाचे गुणधर्म बदलतात आणि जिवाणू व खनिज यांच्यातील देवाणघेवाणीस बाधा पोहोचू शकते.

या आघातांचा परिणाम प्रथम वेळेवर होतो. जिवाणूंना कार्यास लागण्यास उशीर होतो, त्यांची वाढ मंदावते आणि लोहाच्या क्षपणाचा वेग घटतो. मात्रा आणखी वाढल्यास क्रिया थांबते. मातीत जिवाणूंच्या अनेक जाती एकत्र नांदत असल्याने नाजूक जाती मागे पडतात आणि सोशिक जाती पुढे येतात. वरकरणी काम चालू दिसते, पण ते थोड्या जातींच्या भरवशावर असते. पुढील संकटाला तोंड देण्याची मातीची शक्ती त्यामुळे क्षीण होते.

याची झळ शेतीलाही लागू शकते. मातीतील पुष्कळसा स्फुरद लोहखनिजांशी जखडलेला असतो. पाणी साचल्यावर जिवाणू ती खनिजे विरघळवितात आणि तो स्फुरद भाताच्या रोपास मिळू लागतो. तेलाने दूषित झालेल्या भूजलातील टोल्युइनसारख्या घातक द्रव्यांचा फडशा पाडण्याचे कार्यही यांपैकी काही जिवाणू करतात. तेल आणि जड धातू एकाच जागी सांडले, तर धातूंच्या प्रभावामुळे हे नैसर्गिक शुद्धीकरण रेंगाळण्याचा धोका असतो.

एकूण मात्रा आणि उपलब्ध मात्रा

मातीच्या तपासणी अहवालात धातूची एकूण मात्रा बहुधा एका आकड्याने दर्शविलेली असते. जिवाणूंवर, रोपांवर आणि माणसांवर होणारा परिणाम मात्र एकूण मात्रेपेक्षा उपलब्ध मात्रेवर, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या व सहज सुटणाऱ्या अंशावर अवलंबून असतो. जस्ताची एकूण मात्रा समान असलेल्या दोन जमिनींपैकी एकीत जिवाणू सुखाने नांदतात, तर दुसरीत ते तग धरू शकत नाहीत. मातीचा आम्ल-विम्ल निर्देशांक, सेंद्रिय द्रव्ये, चिकणमातीचे प्रमाण आणि लोहाची ऑक्साइडे यांवर हा फरक ठरतो.

यांतही लोहाच्या ऑक्साइडांचे महत्त्व विशेष आहे. ती धातूंना आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतात. ती जणू मातीची कोठारे होत. धातू कोठारात बंद असेपर्यंत जिवाणू सुरक्षित असतात. परंतु जिवाणूंचे श्वसन चालते ते याच कोठाराच्या भिंती विरघळवून. भिंत खचली की आतील धातू पाण्यात येतात आणि ज्यांनी ती खचविली, त्यांनाच प्रथम बाधतात. नव्याने तयार झालेले, भुसभुशीत फेरिहायड्राइट लवकर विरघळते. घट्ट स्फटिकी गोएथाइट आणि हेमॅटाइट मंदगतीने विरघळतात. त्यामुळे धातू कोणत्या लोहखनिजावर बसले आहेत, यालाही महत्त्व येते.

सुटलेला प्रत्येक अणू पाण्यातच राहतो असे नाही. फेरस लोहापासून मॅग्नेटाइट, सिडेराइट यांसारखी नवी खनिजे तयार होतात. त्यांच्या स्फटिकांत जस्त, निकेल, कोबाल्ट यांचे काही अणू पुन्हा अडकतात. पुढे सल्फेटाची पाळी आली की तयार होणाऱ्या सल्फाइडाबरोबर कॅडमियम, जस्त, शिसे यांचे अविद्राव्य साके बनतात. सुटणे आणि अडकणे या दोन्ही क्रिया एकाच चिखलात चालतात, आणि कोणती वरचढ ठरेल हे स्थानिक परिस्थितीवर अवलंबून असते.

अमेरिकेच्या आयडाहो राज्यातील कॉर ड'लेन सरोवराचे उदाहरण येथे बोधप्रद ठरेल. त्याच्या परिसरात १८८० नंतरच्या दशकात चांदी, शिसे व जस्त यांच्या खाणी सुरू झाल्या. खाणींतील टाकाऊ चुरा अनेक दशके नदीवाटे वाहत येऊन सरोवराच्या तळाशी साचला. अशा धातुमय गाळात जिवाणूंचा मागमूस नसेल, असे कोणासही वाटावे. पण संशोधकांना तेथे लोहाचे क्षपण करणारे जिवाणू आढळले. त्यांतील एका नव्या जिवाणूस १९९९ मध्ये फेरिबॅक्टेरियम लिम्नेटिकम असे नाव देण्यात आले. धातूंचा मोठा भाग खनिजांत बद्ध असणे आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या गाळात वाढलेल्या जिवाणूंना सोशिकता लाभणे, या दोहोंच्या आधारे असे जीवन शक्य होते. मात्र यावरून तो गाळ निर्धोक आहे असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. जिवाणूंचे कार्य चालू आहे, याचा एक अर्थ कोठाराच्या भिंती झिजत आहेत असाही होतो.

प्रतिकार आणि उपकार

जिवाणूंजवळ बचावाचे उपायही आहेत. पेशीत शिरलेला धातू बाहेर फेकणारे प्रथिनांचे पंप, धातूस बांधून ठेवणारे पदार्थ आणि धातूचे निरुपद्रवी रूपात परिवर्तन करण्याची क्षमता हे त्यांतील प्रमुख होत. विषारी, विद्राव्य सहासंयुजी क्रोमियमाचे ते त्रिसंयुजी क्रोमियमात रूपांतर करतात. हे रूप बरेच कमी विषारी असून साक्याच्या रूपाने बसते. शिवाय जिवाणूंनी निर्माण केलेले फेरस लोहही हेच कार्य करते.

युरेनियमाच्या बाबतीत या गुणाचा प्रत्यक्ष उपयोग करून पाहण्यात आला. कोलोरॅडो राज्यातील रायफल येथे जुन्या युरेनियम-शुद्धीकरण कारखान्यामुळे भूजल दूषित झाले होते. २००२ मध्ये तेथील जमिनीखाली ॲसिटेट सोडण्यात आले. हे खाद्य मिळताच जिओबॅक्टर वर्गातील जिवाणू भराभर वाढले आणि काही आठवड्यांतच पाण्यातील विद्राव्य युरेनियम लक्षणीयरीत्या घटले. पुढे सुलभ लोह संपत आले, सल्फेटाचे क्षपण करणाऱ्या जिवाणूंचे प्राबल्य झाले आणि युरेनियमाचे प्रमाण पुन्हा वाढू लागले. जिवाणूंकडून काम करून घेता येते, परंतु त्यांची परिस्थिती सतत राखावी लागते, हा धडा या प्रयोगाने दिला.

बंगालमधील अनुभव

हेच कार्य अन्यत्र अनर्थास कारणीभूत झाले. पश्चिम बंगालमध्ये १९८३ साली डॉ. क्षितीशचंद्र साहा यांनी कातडीवर डाग व घट्टे असलेल्या रुग्णांचा आजार आर्सेनिकमुळे, म्हणजे सोमलामुळे होत असल्याचे ओळखले. हे विष नलिकाकूपांच्या पाण्यातून येत होते. तेथे कारखाना नव्हता की खाण नव्हती. हिमालयातून वाहत आलेल्या गाळातील लोहाच्या ऑक्साइडांवर आर्सेनिक नैसर्गिकरीत्याच चिकटलेले होते. जमिनीखाली प्राणवायू नसताना आणि सेंद्रिय द्रव्य उपलब्ध असताना ती ऑक्साइडे विरघळली की आर्सेनिक मोकळे होते, असा विचार १९९८ पासून पुढे आला. २००४ मध्ये मँचेस्टर येथील संशोधकांनी पश्चिम बंगालच्या गाळावर प्रयोग करून धातूंचे क्षपण करणाऱ्या जिवाणूंचा यातील वाटा दाखवून दिला. लोहाचे क्षपण आधी होते आणि आर्सेनिक त्यानंतर पाण्यात येते, असेही त्यांना आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी सुचविलेली मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम इतकी अल्प आहे. ती ओलांडण्यास गाळातील थोडा अंश सुटला तरी पुरतो.

भातशेतीतील पेच

जपानमधील तोयामा प्रांतात जिन्झू नदीकाठच्या रहिवाशांना हाडे ठिसूळ करणाऱ्या अत्यंत वेदनामय रोगाने ग्रासले. रुग्णांच्या विव्हळण्यावरूनच त्यास ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखते, दुखते’, असे नाव पडले. कामिओका येथील खाणीतून नदीत आलेले कॅडमियम भातशेतीत उतरले होते. १९६८ मध्ये जपान सरकारने हा प्रदूषणजन्य रोग असल्याचे मान्य केले. दूषित शेतजमिनी सुधारण्याचे काम १९७९ मध्ये सुरू झाले, ते पूर्ण होण्यास २०१२ साल उजाडले.

भातात कॅडमियम कमी उतरावे म्हणून जपानमध्ये भात निसवण्याच्या आधी व नंतर सुमारे तीन-तीन आठवडे शेतात पाणी साठवून ठेवण्याचा सल्ला दिला जातो. पाण्याखाली सल्फाइड तयार होऊन कॅडमियम जखडले जाते, हे त्यामागील एक प्रमुख कारण होय. मात्र त्याच साठलेल्या पाण्यात लोहाचे क्षपण जोमाने होते, आर्सेनिक मोकळे होते आणि सिलिकाच्या वाटेने भाताच्या मुळांत शिरते. मुळांवरील विटकरी लेपन त्यातील काही भाग अडवून धरते, सर्व नव्हे. पाणी काढून टाकले, तर आर्सेनिक घटते आणि कॅडमियम वाढते. म्हणून कोणत्या जमिनीत कोणता धातू आहे हे जाणून घेतल्याशिवाय पाण्याच्या पाळ्यांबाबत सरसकट सल्ला देणे धोक्याचे आहे.

शाळेत करता येण्याजोगा प्रयोग

हा विषय विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखविता येतो. प्लॅस्टिकच्या तीन पारदर्शक बाटल्यांत प्रत्येकी अर्ध्यापर्यंत तांबडी माती घ्यावी. पहिलीत नुसती माती ठेवावी. दुसरीत मूठभर बारीक चिरलेला भाताचा पेंढा मिसळावा. तिसरीत तेवढाच पेंढा आणि चिमूटभर मोरचूद घालावे. उकळून गार केलेले पाणी काठोकाठ भरून झाकणे लावावीत आणि बाटल्या अंधारात ठेवाव्यात. साचलेला वायू निघून जावा म्हणून शिक्षकांनी आठवड्यातून एकदा झाकण किंचित सैल करून पुन्हा लावावे. काही आठवड्यांत दुसऱ्या बाटलीतील माती करडी होऊ लागते. तिसरीत हा बदल किती उशिरा होतो, किंवा होतच नाही, याची नोंद तारखांसह ठेवावी. तिसरीतील रंगही दुसरीबरोबरच बदलला, तरी प्रयोग फसला असे समजू नये. माती आणि पेंढा यांनी तांबे धरून ठेवले असण्याचा संभव आहे, आणि एकूण व उपलब्ध मात्रेतील भेद समजावून देण्यास ती उत्तम संधी होय.

मोरचूद विषारी असल्याने ते शिक्षकांनीच हाताळावे. तिसऱ्या बाटलीतील चिखल विहीर, ओढा किंवा शेत यांत न टाकता प्रयोगशाळेतील टाकाऊ रसायनांबरोबर ठेवावा. सुपारीच्या व द्राक्षांच्या बागांत बोर्डो मिश्रणाच्या रूपाने हेच मोरचूद फवारले जाते. तांबे कुजत नाही व उडूनही जात नाही. युरोपीय संघाने द्राक्षमळे आणि इतर पिकांसाठी तांब्याचा वापर सात वर्षांत हेक्टरी २८ किलोग्रॅमपर्यंत मर्यादित केला आहे, हेही विद्यार्थ्यांना सांगता येईल.

ग्रामपंचायतींनी ध्यानात ठेवावे असे

या विवेचनातून काही व्यावहारिक गोष्टी निष्पन्न होतात. शहरातील गाळखत किंवा कारखान्याचे सांडपाणी शेतात घेण्यापूर्वी त्यातील जड धातूंची तपासणी करून घ्यावी. माती एकदा दूषित झाली की ती पूर्ववत करण्यास पिढी खर्ची पडते, हे तोयामाच्या उदाहरणावरून स्पष्ट आहे. तपासणी अहवालात एकूण मात्रेबरोबर उपलब्ध मात्रा व आम्ल-विम्ल निर्देशांकही मागवावा. पाण्याच्या स्रोतांची तपासणी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर अशी दोन्ही वेळा व्हावी, कारण जमीन पाण्याने भरली की मातीतील धातूंची रूपे बदलतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांचे साहाय्य या कामी घेता येते.

आणखी एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. हातपंपाच्या पाण्यातील लोह किंवा आर्सेनिक काढणाऱ्या गाळणीत जो तांबूस गाळ साचतो, तो म्हणजे धातूंचे ताजे कोठारच होय. गाळणी स्वच्छ करून तो गाळ डबक्यात किंवा कुजणाऱ्या कचऱ्याच्या ओल्या खड्ड्यात टाकला, तर जिवाणूंना लोह व अन्न दोन्ही आयते मिळते आणि पाण्यातून काढलेले विष पुन्हा पाण्याच्या वाटेला लागू शकते. असा गाळ कोरडा ठेवून, पाण्याच्या स्रोतापासून दूर, तज्ज्ञांच्या सल्ल्याने त्याची विल्हेवाट लावावी.

लोहाचे क्षपण करणारे जिवाणू मित्र नव्हेत आणि शत्रूही नव्हेत. मातीत जे आहे त्यावर ते जगतात. त्या मातीत काय येऊ द्यावे, तिच्यावर पाणी किती काळ उभे राहू द्यावे आणि काढलेला गाळ कोठे टाकावा, हे ठरविणे मात्र गावाच्या हाती आहे.